ऐकावे ते नवलच : अमेरिका आणि आपली मराठी माणसे



अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंचच उंच इमारती येतात, चंद्रावर उतरलेला माणूस येतो, हॉलिवूडचे सिनेमे येतात. मराठी माणसाचा त्या देशाशी संबंध काय असे कोणी विचारले, तर बहुतेक जण म्हणतील की पुण्या-मुंबईची मुले शिकायला आणि नोकरीला तिकडे जातात, तेवढाच. पण इतिहासाची जुनी पाने चाळली तर निराळेच काही हाती लागते. दोनशे वर्षांहून अधिक काळ माणसे, कापड, बर्फ, आंबे, शब्द आणि सूर यांची अमेरिका आणि मराठी मुलूख यांच्यामध्ये ये-जा चालू आहे. त्यातल्या एका वाटेवर तर आपले हे बेटही लागते.

अशा काही नवलाच्या गोष्टी आम्ही आजच्या पानासाठी गोळा केल्या आहेत. वाचताना एका प्रश्नाकडे मात्र लक्ष असू द्या. यातली कोणती खूण टिकली, कोणती पुसली गेली, आणि का?

तीन गावे आणि एक पँट

आरंभ कपड्यापासून करू. निळी जीन पँट हा अमेरिकेचा जणू राष्ट्रीय पोशाख. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस या दोघांनी २० मे १८७३ रोजी तांब्याच्या खिळ्यांनी खिसे पक्के करण्याचे पेटंट घेतले आणि खाणीत राबणाऱ्यांची ही पँट पुढे जगभर पसरली. पण तिची नावे मात्र अमेरिकन नाहीत. फ्रेंच जाणणाऱ्या आपल्या वाचकांना ही गंमत लगेच कळेल. इटलीतल्या जिनोवा शहराला फ्रेंचमध्ये जेन म्हणतात, त्यावरून ‘जीन’ आले. फ्रान्समधल्या नीम गावचे कापड ते ‘द नीम’, त्याचे झाले ‘डेनिम’.

तिसरे नाव ‘डंगरी’. अमेरिकेत जाड निळ्या कापडाच्या पँटला हे नाव घरोघरी होते, आणि अमेरिकन आरमाराच्या खलाशांचा कामाचा पोशाखही विसाव्या शतकात बराच काळ याच नावाने ओळखला जाई. हे तिसरे गाव आहे आपल्या मुंबईतले डोंगरी! तिथल्या बाजारात मिळणारे जाडेभरडे, स्वस्त सुती कापड गोऱ्या व्यापाऱ्यांनी शिडांसाठी, तंबूंसाठी आणि खलाशांच्या कपड्यांसाठी उचलले. सतराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत सापडतो. डोंगर हा तुमच्या-आमच्या बोलण्यातला शब्द. त्याचे डोंगरी झाले, डोंगरीचे डंगरी झाले आणि ते न्यूयॉर्कच्या गोदीत जाऊन पोहोचले. अंगात घालणाऱ्याला मात्र त्या गावाचा पत्ता नाही. ते कापड विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणी सांगू शकत नाही.

पोर्ट लुईत विसावलेली एकोणीस वर्षांची मुलगी

आता आपल्या बेटाकडे वळू. आपल्या देशात अमेरिकेचा पहिला वकील कधी नेमला गेला असेल? अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कारकिर्दीत, १७९४ साली! तेव्हा बेटावर फ्रेंचांचे राज्य होते आणि पोर्ट लुईच्या बंदरात अमेरिकन गलबतांची वर्दळ असे. १८३४ साली ‘अॅटलास’ जहाजातून गिरमिटिया मजूर उतरले, त्याच्या चाळीस वर्षे आधीची ही गोष्ट.

अशाच एका प्रवासात हॅरिएट न्यूएल ही अमेरिकन तरुणी इथे आली. मॅसॅच्युसेट्स प्रांतातली ही मुलगी फेब्रुवारी १८१२ मध्ये आपला पती सॅम्युएल याच्याबरोबर जहाजाने कलकत्त्याला निघाली. अमेरिकेतून परदेशी गेलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी ही मंडळी. पण ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कलकत्त्यात राहू दिले नाही, निघून जाण्याचा हुकूम केला. म्हणून नवरा-बायको मॉरिशसच्या जहाजावर चढली. वाटेत भर समुद्रात हॅरिएटला मुलगी झाली आणि पाचच दिवसांत ती गेली. पुढे ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटनेही पोर्ट लुई येथे देह ठेवला. वय अवघे एकोणीस. तिला इथल्याच मातीत पुरले. तिची रोजनिशी आणि पत्रे १८१४ साली बोस्टनमध्ये छापली गेली आणि एका पिढीच्या अमेरिकन मुलींनी ती वाचली. तिच्यामुळेच आपल्या बेटाचे नाव अमेरिकेतल्या कित्येक घरांत पहिल्यांदा पोहोचले असेल.

पंचांगाची अक्षरे कुठून आली?

या गोष्टीचे दुसरे टोक मराठी मुलखात आहे. एकटा उरलेला सॅम्युएल न्यूएल १८१४ साली मुंबईला गेला. तिथे त्याचे सोबती गॉर्डन हॉल आदी मंडळी आदल्या वर्षीच येऊन थडकली होती. त्यांची संस्था म्हणजे ‘अमेरिकन मराठी मिशन’. आले होते ते धर्मप्रसारासाठी. पण माणूस एका कामाला येतो आणि त्याच्या हातून दुसरेच काम मोठे होते. लोकांशी बोलायचे तर त्यांची भाषा हवी, म्हणून ते मराठी शिकले. पुस्तके हवीत, म्हणून त्यांनी मुंबईत छापखाना घातला. १८२४ साली मुलींसाठी शाळा काढली. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक अहमदनगरला सुरू केले.

त्यांच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर देवनागरीचे खिळे पाडीत असे. त्याच्या हाताखाली काम शिकलेल्या गरीब घरच्या एका मराठी मुलाचे नाव जावजी दादाजी. याच जावजींनी पुढे स्वतःचा टाइपांचा कारखाना उभारला आणि मुंबईत ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. निर्णयसागरचे पंचांग, निर्णयसागरची संस्कृत पुस्तके, निर्णयसागरचे सुबक वळणदार अक्षर! गणेशचतुर्थीची तिथी पाहायला ज्या पंचांगाची पाने आपल्या वाडवडिलांनी उलटली, त्याच्या अक्षरांची विद्या अशी अमेरिकन छापखान्यातून आली. धर्माचा वाद जागच्या जागी राहिला आणि अक्षरे आपल्या घरात आली.

वितळणारा माल

अमेरिकेहून हिंदुस्थानात आणखी एक वस्तू येई. ती ऐकून आज कोणाचाही विश्वास बसणार नाही. ती वस्तू म्हणजे बर्फ!

बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून घेई आणि भुश्यात गुंडाळून जहाजात भरी. १८३३ च्या मे महिन्यात त्याचे ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, ते कलकत्त्याला लागले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता! लवकरच मुंबई आणि मद्रासलाही हा माल जाऊ लागला आणि बर्फ साठवायला खास इमारती उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जिजीभाई यांनी मुंबईत मेजवानीला आइस्क्रीम वाढले आणि पाहुण्यांना पडसे झाले, अशी हकिकत सांगतात.

हेन्री थोरो हा अमेरिकन लेखक वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहत होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्या तळ्यावर मजूर बर्फ कापायला आले. थोरो त्या दिवसांत भगवद्गीता वाचीत असे. त्याच्या मनात आले, की आपल्या तळ्याचे पाणी आता हिंदुस्थानात जाणार आणि गंगेच्या पाण्यात मिसळणार. मद्रासची बर्फाची इमारत अजून उभी आहे. अमेरिका गाजवून परतलेले स्वामी विवेकानंद १८९७ साली तिथेच उतरले होते. बर्फ तर वितळून गेला. पण ट्यूडरच्या रोजनिश्या आणि हिशेबाच्या वह्या अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथालयात नीट जपलेल्या आहेत, म्हणून आज टनाटनाचा हिशेब सांगता येतो.

पोकीप्सीच्या दफनभूमीत एक मराठी नाव

आता सर्वांत हृद्य गोष्ट. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी पोकीप्सी नावाचे गाव आहे. तिथल्या दफनभूमीत एका अमेरिकन कुटुंबाच्या जागेत एक दगड आहे आणि त्यावर मराठी बाईचे नाव कोरले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, पुण्याचा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळी बायका परपुरुष डॉक्टरपुढे जात नसत आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच. या दुःखातून त्यांचा निश्चय झाला, की आपण डॉक्टर व्हायचे.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. ते एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस थिओडिशिया कार्पेंटर दात दाखवायला गेल्या होत्या. दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता तो जुना अंक त्यांच्या हाती पडला. कोण कुठली ही मुलगी! पण बाईंना चैन पडेना. त्यांनी आपणहून पत्र धाडले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि मिसेस कार्पेंटर आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई एकट्या, नवरा बरोबर नसता, कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर मावशी उभी होती. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. थंडीने आणि आजाराने शरीर पोखरले, तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी प्राण सोडला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या अस्थींची रक्षा गोपाळरावांनी मिसेस कार्पेंटरकडे पाठवली आणि त्या माउलीने ती आपल्या घराण्याच्या जागेत ठेवून वर दगड बसवला. ज्या समाजाने समुद्र ओलांडला म्हणून नावे ठेवली, त्याच्या मुलीची रक्षा समुद्र ओलांडून गेली आणि परक्या घराने ती आपली मानली. एक जुने मासिक वेळेवर हाती पडले नसते तर ही गोष्ट घडलीच नसती.

शुक्रावरच्या तीन बायका

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकेने १९८९ साली ‘मॅगेलन’ नावाचे यान शुक्राकडे पाठवले. १९९० पासून त्याने रडारने ढगांआडचा शुक्र न्याहाळला आणि त्याचा नकाशा तयार केला. शुक्रावरची जवळजवळ सर्व ठिकाणे स्त्रियांच्या नावाने ओळखायची असा खगोलशास्त्रज्ञांचा नियम आहे. मोठ्या विवरांना कर्तृत्ववान स्त्रियांची आडनावे देतात. तिथल्या सुमारे ३४ किलोमीटर रुंदीच्या एका विवराचे नाव आहे ‘जोशी’. तेच आपल्या आनंदीबाईंचे.

त्याच शुक्रावर ‘मेधावी’ नावाचे विवर आहे. ते पंडिता रमाबाईंचे, कारण त्यांच्या पतीचे आडनाव मेधावी. तिसरे विवर ‘झिराड’. ते डॉ. जेरुशा झिराड यांचे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या या डॉक्टरीण बाई मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. पहाटे पूर्वेला शुक्राची चांदणी दिसली तर नातवंडांना जरूर सांगा, की तिच्या अंगावर आपल्या तीन बायकांची नावे आहेत.

रमाबाईंची आणखी एक गंमत. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्या. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला त्या मुद्दाम इंग्लंडहून आल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. परत येऊन मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. तारीख कोणती? ११ मार्च १८८९! आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. ते छापले कोणी? आपल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागरने. पाहिलेत, धागे कसे फिरून एकत्र येतात!

पुण्याचा आंबा, फ्लोरिडाचा गोडवा

माणसांप्रमाणे झाडेही परदेशी जातात. १८८९ साली, म्हणजे रमाबाई मुंबईला परतल्या त्याच वर्षी, अमेरिकेच्या शेतकी खात्याने हिंदुस्थानातून आंब्याची कलमे मागवली. ती पाठवली जी. मार्शल वुड्रो यांनी. हे गृहस्थ पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. जात होती मलगोबा, म्हणजे मूळची दक्षिणेची. फ्लोरिडात ती कलमे लावली गेली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात तिथे असा कडाका पडला की झाडे मेली. मलगोब्याचे एकच झाड तेवढे तग धरून राहिले.

त्या झाडाच्या फळांच्या कोयी कॅप्टन जॉन हेडन या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १९०२ साली आपल्या आवारात लावल्या. दुसऱ्याच वर्षी तो वारला. त्याची विधवा फ्लोरेन्स हिने ती रोपे वाढवली. १९१० साली एका झाडाला लालबुंद, मोठी, रसाळ फळे लागली. त्या आंब्याला नाव पडले ‘हेडन’. पुढे फ्लोरिडातल्या बऱ्याच जाती या हेडनपासून निघाल्या. अमेरिकेच्या दुकानांत आज सर्वांत जास्त दिसणारा ‘टॉमी अॅटकिन्स’ आंबाही हेडनच्याच वंशातला. चवीला तो यथातथाच, पण साल जाड आणि प्रवासाला दणकट! हापूस खाल्लेला माणूस त्याला आंबा म्हणेल की नाही, हा वाद आम्ही वाचकांवर सोडतो. आपल्या बेटावर मेझों रूज आंब्याचे कौतुक करणाऱ्यांनीही यात भाग घ्यावा.

खरा हापूस मात्र बरीच वर्षे अमेरिकेच्या दाराबाहेरच उभा होता. फळातल्या किडीच्या भीतीने तिकडे बंदी होती. अखेर २००७ साली, नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात किरणांची प्रक्रिया करून, तो अमेरिकेत उतरला. कांद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने आंब्याला परवाना मिळवून दिला, हेही नवलच.

मार्क ट्वेन आणि मुंबईचे कावळे

थोडे करमणुकीकडे वळू. मार्क ट्वेन हा अमेरिकेचा विनोदी लेखक. खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. कर्जात बुडाल्यामुळे म्हातारपणी त्याने व्याख्याने देत जगाची सफर केली. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत होता आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या मॉरिशसला! १८९७ साली निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांवर फार मजेदार लिहिले आहे. मॉरिशसची स्वर्गाशी तुलना करणारे ते प्रसिद्ध वाक्यही त्यातच आहे. लोक ते खुशाल ट्वेनच्या नावावर खपवतात. पण पुस्तक उघडून पाहा. तो सांगतो की हे मी इथल्या एका नागरिकाकडून ऐकले, आणि लगेच दुसऱ्या नागरिकाचे उलट मतही देतो. म्हणजे ते वाक्य आपल्याच बेटावरच्या कोणा अनाम माणसाचे. नाव नोंदले गेले नाही, म्हणून श्रेय पाहुण्याला मिळाले.

सिनेमातले अमेरिकन सूर

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ‘अलबेला’ सिनेमा कोणाला ठाऊक नाही? १९५१ सालचा हा चित्रपट भगवानदादांचा, म्हणजे भगवान पालव या मराठी माणसाचा. संगीत सी. रामचंद्र यांचे. ते अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, आडनाव चितळकर. संगीतकार म्हणून नाव सी. रामचंद्र आणि गायक म्हणून चितळकर. कित्येकांना हे दोघे निराळे वाटत!

त्या गाण्यांत जो उसळता ठेका आहे तो अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या जाझचा. १९३५ साली लिऑन अॅबी याचा अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. मायदेशी ज्यांना गोऱ्यांच्या पंगतीला बसू देत नसत, ते कलावंत मुंबईत मानाने वाजवू लागले. वेदरफोर्ड तर इथलाच झाला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. त्यातलाच एक आंतोनियो झेवियर वाझ. ट्रंपेट असे वाजवी की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रंगभूमीवरचे नाव ‘चिक चॉकलेट’. सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात तो होता. ताजमधला सूर गोव्याच्या ट्रंपेटातून मराठी संगीतकाराकडे आला, आणि सिनेमाच्या डब्यातून आपल्या बेटावर. पण त्या वाद्यवृंदांत बसलेल्या बहुतेक गोवेकरांची नावे पडद्यावर कधी आलीच नाहीत.

आणि आपण?

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता येऊ. काय टिकले आणि काय पुसले गेले? डोंगरीचा शब्द राहिला, विणकर गेले. वाद्यांचे सूर राहिले, वादकांची नावे गेली. आनंदीबाईंचे नाव राहिले, कारण एका बाईने पत्रे जपली, रक्षा जपली, दगडावर नाव कोरून घेतले. हॅरिएटची रोजनिशी छापली गेली म्हणून दोनशे वर्षांनी आपण तिच्यासाठी हळहळतो. मोठेपणामुळे नाव उरते असे आपण समजतो. पण ही उदाहरणे सांगतात की कोणीतरी लिहून ठेवले म्हणून ते उरते.

पोकीप्सीच्या दगडावर आणि शुक्राच्या नकाशावर इंग्रजीत ‘जोशी’ लिहिताना शेवटी दोन ‘ई’ आहेत. आज कोणी असे लिहीत नाही, पण त्या मुलीने आपली सही तशी केली होती. आपल्या घराण्यांचेही तसेच नाही का? रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडून मुंबई बंदरातून आलेल्या आपल्या पूर्वजांची नावे साहेबाच्या कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी वहीत चढली. बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले, गावाची अक्षरे बदलली. तरी त्या वहीतच माग आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया लोकांच्या त्या नोंदी सांभाळून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जहाज, आल्याची तारीख अशा कितीतरी गोष्टी त्यांत मिळतात.

म्हणून आमची विनंती एवढीच, की या आठवड्यात एक वही घ्या. घरात जे कोणी सर्वांत वयस्क असेल त्यांच्याजवळ बसा. आजोबांचे नाव, आजीचे माहेर, घरात बोलली जाणारी एखादी जुनी म्हण, झाकरीच्या वेळी ढोलक कोण वाजवीत असे त्याचे नाव, सारे उतरवून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेणाऱ्याने स्वतःचे नाव आणि तारीख घालावी. मिसेस कार्पेंटरची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. हे काम आपल्या घरातले पोरही करू शकेल.